गड आणि परी

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामायेच्या देवळापाशी उभे राहिले असता येथे एके काळी किल्ला होता, यावर सहसा विश्वास बसत नाही. राजा भुवनेश्वरसिंहाने तो १४६० साली बांधला, अशी परंपरा आहे. १७४१ नंतर छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, १८५४ साली तोही संपला आणि पुढे तटबंदी नामशेष झाली. देवी मात्र राहिली; किल्ल्यालगतचा बूढा तालाबही राहिला. ज्या प्रदेशाला छत्तीस गडांवरून नाव पडले असे सांगतात, तेथे ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. श्रद्धेने देऊळ राखले. तट का राखला नाही?

या प्रश्नाचा उलगडा होण्यास आयर्लंडचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे मातीच्या वर्तुळाकार बांधांनी वेढलेली सुमारे ४५,००० स्थाने आढळतात. त्यांना किल्ले म्हणत असले, तरी वस्तुतः त्यांपैकी बहुतेक इ. स. ५०० ते १००० या काळातील शेतकऱ्यांची राहती घरे होत. कालांतराने बांधणारे विस्मृतीत गेले आणि तेथे पऱ्यांचा वास आहे, अशी समजूत रूढ झाली. बांधाला नांगर लावू नये, तेथील काटेझाड तोडू नये; तोडल्यास गुरे दगावतात, घरात दुखणे शिरते. येट्स या कवीने १८८८ साली अशा पऱ्यांच्या कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. १९३५ साली लोकविद्येच्या संकलनासाठी सरकारी आयोगही नेमला गेला. विसाव्या शतकात यंत्रांनी अनेक बांध सपाट केले, तरी भय पुरते ओसरले नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लातून येथील काटेझाडासाठी कथाकार एडी लेनिहान यांनी आवाज उठविला आणि नवा रस्ता त्या झाडाला वाचवून नेण्यात आला.

दोन्हींतील भेद येथेच आहे. आयर्लंडात निषेध प्रत्यक्ष मातीला चिकटला होता. रायपुरात पावित्र्य मूर्तीभोवती एकवटले आणि तट उघडा पडला. उलट, आयरिश बांध घालणाऱ्यांची नावे पऱ्यांच्या कथांत लोपली. रायपुरात राजाचे नाव परंपरेने जपले. एकाने वास्तू राखून माणूस गमावला, दुसऱ्याने माणूस राखून वास्तू गमावली. म्हणून लोकसमजूत खरी की खोटी, एवढे विचारून अभ्यासकाचे कार्य संपत नाही. तिने कशाला हात लावू दिला नाही, हेही त्याने पाहिले पाहिजे.