एडमंटनचे कांस्यपदक

१९७८ साली कॅनडातील एडमंटन येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. प्रकाश पदुकोण यांचे तेथील सुवर्णपदक सर्वांस आठवते. परंतु मुंबईच्या अमी घिया व त्यांच्या जोडीदार कंवल ठाकर सिंग यांनी तेथेच महिला दुहेरीत कांस्यपदक मिळविले, हे आमच्या खडवलीत क्वचितच कोणास ठाऊक असेल. राष्ट्रकुल स्पर्धांत भारतीय स्त्रियांचे ते पहिले पदक होय. श्रीमती घिया आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. तथापि ज्ञातिभगिनींनी हे नाव जाणावे, असे आम्हांस वाटते. त्यांस १९७६ चा अर्जुन पुरस्कार लाभला होता आणि एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी सात वेळा जिंकले. त्यांच्याही पूर्वी, १९४० च्या दशकात, पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या कन्या तारा, सुंदर व सुमन यांनी हा खेळ गाजविला होता.

दुहेरीत हल्ला चढविताना एकीने जाळ्याशी व दुसरीने मागे राहावयाचे. बचावाची वेळ येताच दोघींनी शेजारी यावयाचे. एकीचे कसब दुसरीच्या पावलांवर अवलंबून. आम्ही शिकवीत असताना दोन मुली अशाच जोडीने खेळत. दहावीचे वर्ष म्हणून त्यांपैकी एकीस खेळ सोडावयास आम्हीच सांगितले. दुसरीचाही खेळ तेथेच थांबला.