चंद्राची वाट

कऱ्हाडनजीक कृष्णाकांठीं टेंभू म्हणून एक गांव आहे. ईश्वरपूर-कऱ्हाडकडील सुशिक्षितांस तें गोपाळ गणेश आगरकरांचें जन्मस्थान म्हणून ठाऊक असतें. परंतु मराठी वाचकास चंद्राची वाट दाखविणारे कृष्णाजी नारायण आठल्येही याच गांवचे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं नसते. 1886 सालीं कोचीनहून निघूं लागलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकाचे ते संपादक. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची 1865 सालची चंद्रप्रवासाची कादंबरी या मासिकानें 1900 सालीं मराठींत क्रमशः देण्यास आरंभ केला. मराठी विज्ञानकथेचा उगम पुष्कळ अभ्यासक येथूनच धरतात.

आकाशसंचाराची कल्पना आमच्या वाचकास नवी होती काय? मुळींच नाहीं. पुष्पक विमान, नारदाचें त्रिलोकभ्रमण आणि सशरीर स्वर्गास निघालेला त्रिशंकु यांच्या कथा ऐकतच तो लहानाचा मोठा झालेला. नवा होता तो ‘कसें?’ हा प्रश्न. पुष्पक इच्छामात्रें चाले. त्याचा वेग किती, हें विचारण्याचें कारणच नव्हतें. व्हर्नचे तीन प्रवासी मात्र 900 फूट लांबीच्या तोफेंतून सुटतात, आणि त्यासाठीं सेकंदाला सुमारें 11 किलोमीटर वेग लागेल, हा हिशेब आधीं होतो.

हा बेत सदोष होता, हें सांगितलेंच पाहिजे. एवढ्या आखूड नळींत इतका वेग घ्यावयाचा, तर प्रवाशावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक भार पडेल. चंद्र दूरच राहिला. तोफेच्या तोंडापर्यंतही तो जिवंत पोंचावयाचा नाहीं! पण ही चूक गणितानें दाखवितां येते, यांतच त्या कथेचें महत्त्व आहे. जें मोजलें आहे तेंच सुधारतां येतें. व्हर्न वाचून भारावलेल्या रशियन त्सिओल्कोव्स्कीनें तोफ सोडून अग्निबाण धरला, आणि त्याचें गणित 1903 सालीं प्रसिद्ध केलें. 1969 च्या जुलैंत फ्लॉरिडांतून तिघे निघाले, दोघे चंद्रावर उतरले. परततांना आर्मस्ट्राँगनें व्हर्नचें स्मरण केलें. आमचेंही तसेंच. 2019 च्या सप्टेंबरांत चांद्रयान-2 चें अवतरण फसलें. दोष शोधले गेले, दुरुस्त झाले, आणि 23 ऑगस्ट 2023 रोजीं चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस सुखरूप उतरलें.

अशा प्रसंगीं ‘हें सारें आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें’ असें म्हणणारे कांहीं थोडे नसतात. पुराणांतील विमानांवर प्रेम अवश्य करावें. तीं मानवाच्या सनातन ओढीचीं चित्रें आहेत. परंतु ओढ म्हणजे विद्या नव्हे. ज्या विमानाला वेग नाहीं, त्याच्यांत चूकही सांपडत नाहीं. आणि जेथें चूक सांपडत नाहीं, तेथें ज्ञान पुढें सरकत नाहीं. ‘कां?’ विचारणारे आगरकर आणि ‘कसें?’ विचारणारी कथा मराठींत आणणारे आठल्ये एकाच लहानशा गांवचे होते. मुलांना पुष्पकाची गोष्ट सांगतांना या दोन प्रश्नांचीही ओळख करून दिली, तर पूर्वजांचा मान कमी होणार नाहीं. मुलांची वाट मात्र लांबवर जाईल.