मृगातील तेजोमेघाचे रंग आणि पुण्याची वेधशाळा

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. मृग नक्षत्रातील प्रसिद्ध तेजोमेघ याम्योत्तरवृत्तावर येतो तेव्हा या गावच्या क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंच असतो. लंडननजीकच्या ईलिंग येथे हीच उंची अवघी ३३ अंश भरते. क्षितिजालगतच्या दाट हवेतून येणारा प्रकाश क्षीण व अस्थिर होत असल्याने हा भेद लहान नव्हे. तथापि या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली अमेरिकेत घेतले, आणि त्याहून सरस छायाचित्र अँड्र्यू कॉमन या हौशी ज्योतिर्विदाने १८८३ साली ईलिंग येथील आपल्या घराच्या बागेतून, ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने मिळविले. अनुकूल आकाश असले म्हणजे वेधविद्येची परंपरा आपोआप निर्माण होते असे नाही. पुणे प्रांती ती कशी निर्माण झाली व कशी खंडित झाली, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम रंगांविषयी. तेजोमेघाचे रंग ही केवळ शोभा नव्हे; ती द्रव्याची साक्ष आहे. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा त्यांना अखंड पट्ट्याऐवजी मोजक्या उज्ज्वल रेषा दिसल्या. हा मेघ ताऱ्यांचा समूह नसून तप्त वायू आहे, हे त्यावरून ठरले. परंतु त्यांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे कोडे सुटेना. नॉर्मन लॉकयर यांच्या मते तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत, व ती रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या वर्णपट्टाची कड होय. तसे असते तर रेषेची एक बाजू धूसर दिसावयास हवी होती.

या वादात पुण्याहून साक्ष दिली गेली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी व मुंबई सरकारचे साहाय्य यांतून १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली होती. तिचे प्रवर्तक व संचालक प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासून आपला निष्कर्ष १८९१ साली रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक पत्रिकेत प्रसिद्ध केला. रेषा स्पष्ट व रेखीव आहे, असे त्यांना आढळले. लॉकयर यांच्या मताला हा निर्णय प्रतिकूल होता. पुढे १९२७ साली आयरा बोवेन यांनी ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची असल्याचे सिद्ध केले, आणि तिच्यासाठी कल्पिलेले ‘नेब्युलियम’ हे मूलद्रव्य निकालात निघाले.

वेधशाळेचे कार्य पुण्यापुरते मर्यादित राहिले नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला यांनी इंदापूरच्या ईशान्येस, भीमेपलीकडील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही त्याच ठिकाणी आले होते. अर्थात या मुलखाचे आकाश तेव्हा जगाच्या परिचयाचे झाले होते. परंतु १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली, आणि तिची २० इंची ग्रब दुर्बीण इतर उपकरणांसह कोडाईकनाल येथे नेण्यात आली. तेथे ती ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली. उपकरण वाचले, पण ते हाताळणारी शिष्यशाखा पुण्यात उरली नाही. एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीबरोबरच संपते, या नियमाचे हे ठळक उदाहरण होय.

त्यानंतर ३२ वर्षांनी, १९४४ साली, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना झाली. ही संस्था हौशी अभ्यासकांची होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आज खेड्यातील अंगणातही एखादी लहान दुर्बीण, ताऱ्यांच्या गतीने फिरणारी बैठक व अंकीय कॅमेरा मांडून या तेजोमेघाचे रंगीत चित्र घेता येते. डोळ्याला तो हिरवट-करडाच दिसतो. कारण मंद प्रकाशात नेत्राची संवेदना ५००७ आंग्स्ट्रॉमच्या त्या प्राणवायूच्या रेषेजवळच सर्वाधिक असते, व हायड्रोजनची ६५६३ आंग्स्ट्रॉमची तांबडी रेषा त्याला जवळजवळ जाणवत नाही. कॅमेरा मात्र अनेक उद्भासनांचा प्रकाश साठवितो. या दोन रेषाच पार होऊ देणाऱ्या गाळण्या लावल्या म्हणजे गावातील दिव्यांचा बराचसा उजेडही वगळला जातो. ज्या रेषेचे स्वरूप पुण्यात १८९१ साली तपासले गेले, तीच अशा रीतीने अंगणातल्या चित्रात उतरते.

मात्र चित्र सुंदर असणे आणि ते वेध असणे या दोन भिन्न गोष्टी होत. दिनांक, स्थळ, उद्भासनाचा काळ, वापरलेली गाळणी आणि कोणत्या रेषेला कोणता रंग दिला, याची नोंद नसेल तर रंगांची साक्ष मुकी होते. नायगमवाला यांचा निष्कर्ष आज आपल्याला तपासता येतो, तो त्यांनी लिहून प्रसिद्ध केला म्हणूनच. त्यांची वेधशाळा राहिली नाही, पण नोंद राहिली. कोऱ्हाळ्यासारख्या गावातील तरुण निरीक्षकाने दुर्बिणीशेजारी वही ठेवली, तर खंडित झालेली परंपरा पुन्हा जोडण्यास त्याला कोणत्याही महाराजांच्या देणगीची वाट पाहावी लागणार नाही.