वेअरवुल्फ : वीर आणि वृक

इंग्रजी भयपटांमुळे ‘वेअरवुल्फ’ हा शब्द आपल्याकडेही परिचित झाला आहे. पौर्णिमेच्या रात्री लांडग्याचे रूप घेणारा माणूस, हा त्याचा रूढ अर्थ. यातील ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा हे उघड आहे. पण ‘वेअर’ कोण?

प्राचीन इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष. लॅटिन ‘विर’ आणि संस्कृत ‘वीर’ ही त्याची भावंडे होत. ‘वुल्फ’ आणि संस्कृत ‘वृक’ यांचे मूळही एकच. भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात हा वृक आपल्याला भेटतो. तेव्हा वेअरवुल्फ म्हणजे अक्षरशः ‘वीरवृक’! पुढे ‘मॅन’ने ‘वेर’ची जागा घेतली. तरीही ‘वर्ल्ड’ या शब्दात तो दडून राहिला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘मनुष्याचे युग’.

फ्रेंच भाषेत या प्राण्याला ‘लू-गारू’ म्हणतात. ‘गारू’ हे जर्मानिक ‘वेअरवुल्फ’चेच बदललेले रूप. त्याचा अर्थ विस्मरणात गेल्यावर लोकांनी त्यामागे ‘लू’ म्हणजे लांडगा जोडला. आपल्याकडील ‘गाईचे गोमूत्र’ किंवा ‘पिवळा पीतांबर’ याच जातीचे.

इंग्रजीत हा शब्द अकराव्या शतकात कन्यूट राजाच्या कायद्यांमध्ये आढळतो. तेथे तो सैतानाला उद्देशून आहे. धर्मगुरूंनी मेंढपाळाप्रमाणे आपल्या कळपाचे त्याच्यापासून रक्षण करावे, असा उपदेश आहे.

याच कल्पनेसाठी ग्रीकांचा शब्द मात्र वैद्यकात शिरला. ‘ल्यूकोस’ म्हणजे लांडगा आणि ‘आंथ्रोपोस’ म्हणजे मनुष्य, यांपासून ‘लायकॅन्थ्रॉपी’ बनला. सातव्या शतकातील वैद्य पॉल ऑफ एजिना याने या अवस्थेची गणना विषण्णतेच्या विकारांत केली होती.

दोन शब्दांतील हा भेद केवळ कोशापुरता नव्हता. १५८९ मध्ये जर्मनीत कोलोनजवळील बेडबुर्ग येथे पीटर श्टुंप याला नरवृक ठरवून चाकावर हालहाल करून मारण्यात आले. त्यानंतर आठच वर्षांनी, १५९७ मध्ये, स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने आपल्या ‘डिमनॉलॉजी’ या ग्रंथात नरवृक हा विषण्णतेतून उद्भवणारा भ्रम असल्याचे लिहिले. चेटकिणींच्या अस्तित्वावर मात्र त्याचा पूर्ण विश्वास होता, हे विशेष.

आज मानसोपचारशास्त्रात ‘क्लिनिकल लायकॅन्थ्रॉपी’ ही आपण पशू झालो आहोत, असे वाटायला लावणाऱ्या दुर्मिळ भ्रमाची संज्ञा आहे. वेअरवुल्फ पडद्यावर उरला. ग्रीक शब्दाने मात्र त्या माणसाला वैद्याच्या दारी नेले.