पेनड्राइव्ह आणि फॅटची गोष्ट

मंडळी, एक साधा प्रश्न. विंडोजवर भरलेला पेनड्राइव्ह मॅकवर चालतो, लिनक्सवर चालतो, टीव्हीच्या पाठीत खुपसला तरी चालतो. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही जनता इथेच एवढी गुण्यागोविंदाने कशी नांदते? कारण सगळ्यांना येणारी एक जुनी बोली आहे : फॅट. म्हणजे फाइल ॲलोकेशन टेबल.

१९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्डने ती फ्लॉपीसाठी रचली. कुठल्या कप्प्यानंतर कुठला कप्पा, याचा एक तक्ता, बस्स. फाइल कुणाच्या मालकीची, कुणी वाचायची, याची नोंदच नाही. लिहिता लिहिता ड्राइव्ह उपटला तर सावरायची सोय नाही. फाइल बदलल्याची वेळसुद्धा दोन-दोन सेकंदांच्या पटीत! १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस हिच्यापेक्षा कितीतरी शहाणी. पण तिची रचना गुंतागुंतीची, शिवाय घरातच ठेवलेली. मॅक आजही स्वतःहून ती फक्त वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. त्यामुळे २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आले तेव्हा सगळ्यांनी फॅटच उचलली. माझ्या मते फॅट जिंकली ती चांगली होती म्हणून नाही, कुणालाही जमण्याइतकी साधी होती म्हणून.

आता यातली खरी गंमत. मूळ फॅटमध्ये नावाला जागा फक्त ८ अक्षरं आणि पुढे ३. विंडोज ९५ ने लांब नावं आणली, पण जुना डॉस बिथरायला नको. मग काय केलं? लांब नावाचे तुकडे जादा नोंदींमध्ये ठेवले आणि त्या नोंदींवर 'लपलेली, सिस्टिमची, फक्त वाचायची, शिवाय डिस्कचं नाव' असे सगळे शिक्के एकदम मारले. असली विचित्र नोंद दिसली की जुना डॉस मुकाट पुढे जायचा. (जुगाड! पण काय सुंदर जुगाड.) ही नावं युनिकोडमध्ये, म्हणून मराठीतही चालतात. एका नोंदीत १३ चिन्हं मावतात. 'आजीचा वाढदिवस' हे फोल्डरचं नाव, मात्रा आणि मधली जागा धरून, बरोब्बर १३ भरतं. मोजून बघा!

पण या युक्तीवर मायक्रोसॉफ्टचं पेटंट होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी टॉमटॉम या डच कंपनीवर दावा ठोकला. टॉमटॉमची रस्ता दाखवणारी यंत्रं लिनक्सवर चालायची. महिन्याभरात तडजोड झाली : टॉमटॉमने पैसे द्यायचे आणि दोन वर्षांत ही सोय काढून टाकायची. म्हणजे बोली सगळ्यांची, पण लांब वाक्य बोललात की बिल येणार. सांबावाल्या अँड्र्यू ट्रिजेलने मग लिनक्ससाठी तोड सुचवली, की फाइलला एकतर लांब नाव द्यायचं किंवा छोटं, दोन्ही नाही. पेटंट दोन्हींच्या जोडीवर होतं ना!

असो. दुसरी अडचण आकाराची. फॅट३२ मध्ये फाइलच्या आकाराला ३२ बिट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी इतकीच फाइल. लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा असला तर ड्राइव्हवर ढीगभर जागा असूनही 'फाइल फार मोठी आहे' हे उत्तर. त्यावरचा उपाय, एक्सफॅट, २००६ मध्ये आला. २००९ मध्ये एसडीएक्ससी कार्डांसाठी तोच ठरला. पण पुन्हा परवाना आणि पुन्हा लिनक्सवाले दाराबाहेर. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक्सफॅटची रचना जाहीर केली, आणि त्याच नोव्हेंबरात लिनक्स ५.४ मध्ये ती आली. तेरा वर्षं लागली.

त्यामुळे आज विंडोज, मॅक, लिनक्स अशी ये-जा असेल तर डोळे मिटून एक्सफॅट करा. माझ्या बॅगेत तसा ६४ जीबीचा एक आहे. घरच्या जुन्या टीव्हीला मात्र तो कळत नाही, त्याच्यासाठी ८ जीबीचा फॅट३२ वेगळा ठेवलाय. आणि दोन्हीकडे जर्नल नाही, तेव्हा उपटण्याआधी इजेक्ट करा बुवा!