रूट नसलेल्यांचा सर्व्हर

कॉलेजच्या लॅबमध्ये रूट पासवर्ड फक्त सरांकडे होता. आम्ही अपाची आपापल्या होम डिरेक्टरीत बसवला. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झीने सुरू केलेल्या ऑटोकॉन्फची ही कृपा: कॉन्फिगरला ‘प्रिफिक्स’ म्हणून स्वतःच्या फोल्डरचा पत्ता दिला, की सगळं तिथेच बसतं, सिस्टीमच्या फोल्डरांना हात लागत नाही.

अडलं ते पोर्ट ८० वर. १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला, हा बर्कली युनिक्सचा नियम. तेव्हा एकाच मशीनवर अनेकजण काम करत. खालच्या पोर्टवरून बोलणारा प्रोग्रॅम अ‍ॅडमिननेच सुरू केलेला, असा भरवसा. पुढे घरोघरी जो तो आपल्या लॅपटॉपचा रूट झाला. भरवसा संपला, नियम मात्र लिनक्सवर अजून आहे.

म्हणून आमची साइट ८०८० वर. सरांना दाखवताना पत्त्यात तो आकडा टाकायलाच विसरलो, आणि पान काही उघडेना.