कोकोची बेटे आणि एका फार्दिंगचा न्याय

आपल्या धर्मशास्त्रकारांनी शौचाचे अनेक प्रकार सांगितले. परंतु त्या सर्वांत अर्थशौच श्रेष्ठ मानले. हात माती-पाण्याने शुद्ध होतात. द्रव्य मात्र ज्या मार्गाने आले त्या मार्गानेच शुद्ध वा अशुद्ध ठरते. मुलांच्या हातातील चॉकलेटच्या वडीला हा निकष लावून पाहावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर, विषुववृत्तालगत असलेल्या सांव तोमे आणि प्रिंसिप ह्या बेटांचा इतिहास वाचला, म्हणजे तो लावणे भाग पडते.

गोमंतकीय वाचकांना ही बेटे अगदीच परकी नसावीत. पोर्तुगीज तेथे १४७० च्या सुमारास पोहोचले. त्यानंतर चाळीस वर्षांनी ते गोव्यात शिरले. १९५१ मध्ये सालाझारच्या राजवटीने 'वसाहत' हा शब्द घटनेतून पुसला, तेव्हा गोवा आणि सांव तोमे एकाच दिवशी 'सागरापलीकडील प्रांत' झाले. पुढे एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. तीत ह्या बेटांचे आणि गोव्याचे प्रतिनिधी एकत्र बसले होते; बार्देशात जन्मलेले आकीनु द ब्रागांसा हे त्या चळवळीचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. सांव तोमेच्या डोंगराळ भागातील एका मळ्याचे नाव तर 'बोंबाईं', म्हणजे मुंबई, असे आहे.

कोको हे मूळचे तेथील झाड नव्हे. १८२२ मध्ये ते ब्राझीलमधून प्रिंसिपला आणले गेले आणि पुढे सांव तोमेच्या ज्वालामुखीय मातीत असे रुजले, की विसाव्या शतकाच्या आरंभी ही एवढीशी बेटे जगातील सर्वांत मोठ्या कोको-उत्पादकांत गणली जाऊ लागली. ही लागवड 'रोसा' नावाच्या मळ्यांवर होत असे. रोसा म्हणजे एक स्वतंत्र संस्थानच होते. मध्यभागी मालकाचा वाडा, जवळ गोदामे, वाळवणे आणि रुळांवरच्या गाड्या. मोठ्या रोसांत स्वतःचे इस्पितळदेखील. आणि एका बाजूस मजुरांच्या खोल्यांच्या लांबलचक रांगा, ज्यांना 'सान्झाला' म्हणत.

ह्या रांगांत राहणारा मजूर कायद्याच्या दृष्टीने गुलाम नव्हता. पोर्तुगालने १८७५ च्या कायद्याने गुलामगिरी मोडली होती. त्यानंतर अंगोलातून जे लोक आणले गेले, त्यांचा अधिकाऱ्यासमोर पाच वर्षांचा करार होई. वेतन ठरे, मुदत ठरे, परतीचा हक्कही लिहिला जाई. दस्तऐवजात दोष काढणे वकिलालाही कठीण गेले असते. परंतु माणूस अंगोलाच्या अंतर्भागात पकडला वा विकला गेलेला असे. करार कोणत्या भाषेत काय म्हणतो, हे त्याला कळत नसे. आणि मुदत संपली, की करार पुन्हा नवा होई. परत गेलेला मजूर जवळजवळ आढळतच नसे. संमती हा कराराचा प्राण होय. तो गेला, की उरतो तो केवळ कागद.

हे सर्व उजेडात आले ते इंग्लंडमध्ये. कॅडबरी ही क्वेकर पंथीयांची पेढी; कामगारांच्या कल्याणासाठी नावाजलेली. तिच्या कोकोचा निम्म्याच्या आसपास हिस्सा सांव तोमेहून येत असे. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी यांच्या कानांवर तेथील मजुरांच्या स्थितीची वार्ता आली. विक्रीस निघालेल्या एका मळ्याच्या मालमत्तेत मजुरांचीही किंमत धरलेली होती. पेढीने चौकशी केली, माणूस पाठविला, पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली. पण खरेदी थांबली ती मार्च १९०९ मध्ये. दरम्यान हेन्री नेविन्सन ह्या पत्रकाराने अंगोलातील वाट स्वतः तुडवून १९०६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले होते. सप्टेंबर १९०८ मध्ये 'स्टँडर्ड' ह्या पत्राने पेढीवर ढोंगीपणाचा आरोप केला आणि पेढीने अब्रूनुकसानीची फिर्याद लावली.

१९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅम येथे खटला चालला. कॅडबरींच्या बाजूने रुफस आयझॅक्स उभे होते, जे पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. पत्राच्या बाजूने एडवर्ड कार्सन. ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा. बदनामी झाली, परंतु तिचे मोल एवढेच, असा ह्याचा अर्थ. त्या न्यायालयात एक पक्ष मुळीच हजर नव्हता: सान्झालातील मजूर. त्याला फार्दिंगही मिळाला नाही.

खरेदीदार गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळले. बेटांवरील करारपद्धत मात्र पुढेही चालू राहिली. आपल्यालाही ह्या मजुरीला जुंपणार, ह्या भीतीने मूळचे मुक्त रहिवासी बिथरले, तेव्हा फेब्रुवारी १९५३ मध्ये गव्हर्नर गोर्गुल्यु यांच्या कारकिर्दीत बातेपा येथे व इतरत्र शेकडो माणसे मारली गेली. १२ जुलै १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी रोसा राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. सरकारी कारभारात उत्पादन घटले. १९९० नंतरच्या काळात जमिनीचे तुकडे लहान शेतकऱ्यांना वाटले गेले, सहकारी संघ उभे राहिले. आज वर्षाकाठी काही हजार टन कोको निघतो.

ह्या उतरत्या काळातच एक नवी गोष्ट घडली. शंभर वर्षे जेथून केवळ बी बाहेर जात होते, तेथे चॉकलेट तयार होऊ लागले. क्लाउदियो कोराल्लो ह्या इटालियन शेतीतज्ज्ञाने प्रिंसिपवरील जुना मळा हाती घेतला आणि राजधानीत स्वतःचा कारखाना काढला. दियोगु वाझ ह्या रोसाचे चॉकलेटही बेटावरच होते. पाहुणे येतात; फळ फोडून आतला आंबटगोड गर चाखतात; बिया लाकडी पेट्यांत कशा आंबवतात, कशा वाळवतात, भाजतात, दळतात, हे पाहतात. काही रोसांची अतिथिगृहे झाली आहेत. २९ मे १९१९ चे खग्रास ग्रहण पाहून एडिंग्टन यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची पारख केली, ती प्रिंसिपवरील सुंडी ह्या रोसात. आज तेथेही पाहुणे उतरतात.

ह्यात आनंद मानण्यासारखे पुष्कळ आहे. बियांचा व्यापार कोणीही परका करू शकतो. परंतु मालाला अखेरचे रूप जेथे मिळते, तेथेच मोल वाढते. ते रूप आता झाडाच्या सावलीत मिळू लागले. तथापि अर्थशौचाचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. अनेक रोसांच्या जुन्या रांगांत त्याच करारी मजुरांचे वंशज आजही राहतात. वाड्याची डागडुजी होऊन दिवे लागले, तर रांगेतील घरावर त्यांचा हक्क कोणता? वाढलेल्या मोलातील त्यांचा वाटा किती? आपल्या शेजारी दक्षिण कन्नडात पोफळीच्या बागांतून कोको पिकविणाऱ्यांच्या 'कॅम्पको' ह्या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट-कारखाना काढला. पिकविणाराच कारखान्याचा धनी होऊ शकतो, ह्याचा हा दाखला आहे. बेटांवर अजून हे बव्हंशी व्हावयाचे आहे.

जो पाहुणा तेथे जाईल, त्याने वाड्याच्या सज्जातून समुद्र जरूर पाहावा आणि तेथील चॉकलेटही विकत घ्यावे, कारण ते न घेण्याने कोणाचेच हित होत नाही. मात्र आमचे एवढेच सांगणे, की त्याने सान्झालाच्या रांगेतूनही एक फेरी मारावी, आणि आता घरांचे व जमिनीचे कागद कोणाच्या नावावर आहेत, हे तेथील लोकांना विचारावे. पूर्वी ह्याच बेटांवर कागद चोख होता आणि न्याय नव्हता. म्हणून कागद विचारल्यावर तेथेच न थांबता, तो कागद त्यांनी स्वतः वाचला आहे काय, हेही विचारणे अगत्याचे आहे.